बसून काढलेला सूर्य

१८ एप्रिल २०२३, मंगळवार
निरभ्र. निरीक्षण नाही.

कानाए,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. व्हायचं ते ऑक्टोबरात होऊन गेलं आणि तेव्हा तू आली होतीस. या घरातून तुला पत्रं जायची ती तुझी आई लिहायची, मी फार तर तिकीट चिकटवायचो. पत्ता तिच्या वहीतून घेतलाय.

एक काम आहे. दुर्बिणीचं काटकोनी प्रिझम सापडत नाही. काळा ठोकळा, आगपेटीपेक्षा थोडा मोठा. आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, आधी बसवला की प्रकाश बाजूला वळतो आणि बघणाऱ्याला मान मोडून घ्यावी लागत नाही, तो. लाकडी पेटी उलटीपालटी केली, गोदाम पाहिलं, माळा पाहिला. मी तो कित्येक वर्षांत वापरलेला नाही. या घरात वस्तू जागेवर ठेवणारी दोनच माणसं होती. एकीला आता विचारता येत नाही, म्हणून तुला विचारतो.

प्रिझम कशाला हवं, तर माझे गुडघे गेले. वाफ्यात रुतलेली लावणीची यंत्रं आयुष्यभर उकिडवं बसून दुरुस्त केली, त्याची ही बक्षिसी. डॉक्टर म्हणाला जिना बंद, वाकणं बंद. दुर्बीण वरच्या गच्चीत कपड्यांच्या दांड्यांशेजारी होती ती मार्चमध्ये खाली आणवली. पण तू आतून काळा रंग दिलेला तो प्लायवूडचा खोका आहे ना, त्याच्या तळाच्या कागदावर पडलेला बशीएवढा सूर्य गिरवायचा तर कमरेतून वाकावंच लागतं. प्रिझम लावलं तर खोका बाजूला येईल आणि मला स्टुलावर बसून सूर्यावरचे डाग कागदावर चितारता येतील.

ऑक्टोबरपासून वहीत सगळीकडे 'निरीक्षण नाही' लिहिलंय. ढगांमुळे नव्हे. असंच.

तुमच्या ओबिहिरोला परवापासून ऊन आहे असं बातम्यांत दाखवतात.

कारासावा शिगेहारू


२ मे, मंगळवार
सकाळी विरळ ढग, दहानंतर मोकळं. निरीक्षण नाही.

कानाए,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी, पण नेमक्या. "पेटीत नाही. त्या दिवशी काढल्यावर पेटीत त्याला जागा नव्हती म्हणून आईकडे दिलं. शिवणयंत्राचा डावा खण बघा."

बघितला. निळ्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. फडक्यात वाळवलेल्या नोरी शेवाळाच्या डब्यात असते तसली ओल शोषणारी पुडी होती, आणि ती जुनी नव्हती, गेल्याच वर्षीची होती. म्हणजे तुझी आई दर वर्षी पुडी बदलत होती. काचेला बुरशीचा एक ठिपका नाही. ती मला कधी काही बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही, कारण मला ते लागलंच नाही.

'त्या दिवशी' म्हणजे कुठल्या दिवशी ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही.

दुर्बीण लावण्याचं काम चाललं आहे. अंगणात नारिंगी काकी-फळांच्या झाडापासून सात पावलांवर तीन दगड पुरले, त्यावर तिचे तीन पाय. सगळी कसरत तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर आणायची. गच्चीत एकदा बसवला होता तो अडतीस वर्षं हलला नव्हता, त्यामुळे हात विसरले होते. होकायंत्र आपल्या भागात साडेसात अंशांनी पश्चिमेला चुकतं. ते वजा करायचं आणि पुढे जायचं, होकायंत्राला शिव्या देत बसायचं नाही. तरी खात्रीसाठी ओळंबा टांगला आणि भरदुपारी त्याच्या सावलीवर चुन्याची रेघ मारली. तीच खरी उत्तर-दक्षिण.

रेघ मारत होतो तेव्हा कुंपणापलीकडून ओगुची-सान आल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या झाल्यात, पण सफरचंदाच्या बागेत अजून शिडीवर चढतात आणि जीभही तशीच आहे.

"काय रे शिगे, अंगणात ठिकरी खेळतोयस?"

"उत्तर दिशा शोधतोय."

"चौऱ्याहत्तर वर्षं याच आळीत राहतोस आणि अजून उत्तर सापडली नाही? तुझी मित्सुए असती तर म्हणाली असती, यांना स्वयंपाकघर कुठल्या दिशेला ते तेवढं माहीत आहे."

मग त्यांनी मुरवलेल्या पाल्याचं लोणचं दिलं आणि मीठ कमी पडलंय असं स्वतःच सांगितलं. खरंच कमी पडलं होतं.

वजनाचा गोळा दांड्यावर सरकवताना अंगठा चिमटला, बाकी ठीक. प्रिझमबद्दल आभारी आहे.

कारासावा शिगेहारू


११ मे, गुरुवार
निरभ्र. हवेची स्थिरता पाचपैकी चार. डागांचे गट सात, डाग एकोणचाळीस.

कानाए,

वरची ओळ वाचलीस? सात महिन्यांनी पहिलं पान भरलं ते मंगळवारी. आज तिसरं.

प्रिझम लावलं, खोका उजव्या अंगाला वळवला, त्याच्या उंचीचं स्टूल केलं आणि बसून काढलं. कागद समोर उभा असतो, शाळेतल्या फळ्यासारखा. दुर्बीण फिरवणारी मोटर बंद केली, डाग आपणहून पश्चिमेकडे सरकू दिला, त्याच्या वाटेवर कागदाची रेघ आणली, मोटर चालू केली आणि गिरवायला घेतलं. पंचवीस मिनिटं लागली आणि उठताना कमरेने 'आई गं' म्हटलं नाही. इतकी वर्षं मी वाकून का मेलो कोण जाणे. वाकून काढलं तरच खरं निरीक्षण, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. सूर्याला काय, तो बसलेल्यालाही दिसतो.

ओगुची-सान तेवढ्यात आल्याच.

"बसलास? देवा! अडतीस वर्षं कमरेतून वाकून त्याला नमस्कार घातलास, त्याने एकदा तरी तुला 'बस' म्हटलं का?"

म्हटलं, "बसा तुम्हीही, बघा."

त्या बसल्या. कागदाजवळ नाक नेऊन एकेक डाग बघितला. मग म्हणाल्या, "ही काळी डबी तीच ना रे? लावणी उरकल्याच्या जेवणाला आम्हा म्हाताऱ्यांना चंद्र दाखवला होतास, तेव्हाची? मला मान वर करता येत नाही म्हणून तू मुद्दाम लावलीस. कानाए माझं स्टूल धरून उभी होती. पोरगी सांगत होती, हे खड्डे, ह्या डोंगरांच्या सावल्या. तुझ्यापेक्षा बरं सांगत होती."

मी म्हटलं, "असेल."

"असेल काय? दुसऱ्याच दिवशी तू नागोयाला लग्नाला गेलास आणि आमच्यासाठी एक वडीसुद्धा आणली नाहीस. मी विसरेन होय?"

म्हातारीला नको ते सगळं आठवतं. पहिल्या दहा दिवसांची पानं सूर्यनिरीक्षकांच्या मंडळाकडे फॅक्स करीन. फॅक्स यंत्राला अजून कागद मिळतो.

शिगेहारू


२३ मे, मंगळवार
ढग. निरीक्षण नाही.

कानाए,

आज सकाळी मंडळाच्या मिसावाचा फोन आला. देशभरच्या आमच्यासारख्यांची पानं तो एकत्र करतो. तुझ्याएवढाच असेल, फार नम्र.

"कारासावा-सान, आधी अभिनंदन, तुमची पानं परत सुरू झाली. एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तुमच्या सगळ्या पानांवर मोठा गट दक्षिणेला आहे. बाकी एकवीस जणांकडे तो उत्तरेला आहे. प्रिझम लावलंय का?"

मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग काहीच प्रश्न नाही, मी उलटवून घेतो, तुम्ही पुढच्या पानांवर तेवढं लिहीत जा." आणि हवापाण्याच्या गोष्टी करायला लागला. मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही.

मला एक जुनं पान काढून बघायचंय. उद्या लिहितो.


२४ मे, बुधवार
सकाळी निरभ्र. दुर्बीण उघडली नाही.

कानाए,

पान काढलं. ३ जून २००१, रविवार. काल संध्याकाळपासून ते टेबलावर आहे.

जे झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ते तू कधी ऐकलेलं नाहीस, कारण माझी बाजू मलाच काल कळली. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

शनिवारी रात्री लावणीचं जेवण झालं. ओगुची-सानसाठी मी प्रिझम लावलं. चंद्र दाखवला, साके झाली, प्रिझम तसंच दुर्बिणीवर राहिलं. पहाटे पाचला मी नागोयाला निघालो आणि तुला सांगून गेलो की आजचा सूर्य तू काढ. तू सोळा वर्षांची. बाराव्या वर्षापासून शेजारी उभी राहून शिकलेली, पण एकटीने पान भरायची पहिलीच वेळ. खाली 'निरीक्षक' च्या चौकोनात स्वतःचं नाव लिहायचं म्हणून तू आदल्या दिवशी पेन्सिलीला तीनदा टोक केलं होतंस. ते मी पाहिलं होतं.

सोमवारी सकाळी मी माझं पान काढलं. मोठा गट उत्तरेला. शनिवारच्या माझ्या पानावरही उत्तरेला. मध्ये तुझं पान, त्यावर तो दक्षिणेला. डाग काही बेडूक नव्हेत, रविवारपुरती उडी मारून सोमवारी परत यायला. मी ठरवून टाकलं, पोरीने सूर्य पाहिलाच नाही. उन्हात उभं राहायचा कंटाळा केला, शनिवारचं पान खिडकीच्या काचेला लावलं आणि वर कागद ठेवून गिरवलं. घाईत पान उलटं धरलं गेलं, म्हणून वरचं खाली आलं.

रात्री जेवताना विचारलं. विचारलं म्हणजे काय, पकडलं. तू म्हणालीस, "जे होतं तेच काढलं, बाबा." मी म्हटलं, कसं काढलंस ते सांग. तू म्हणालीस, "बसून काढलं."

बसून! मी सोळा वर्षं त्या खोक्यापुढे वाकत होतो. त्या खोक्यापुढे बसून चित्र काढताच येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? बसून म्हणजे टेबलापाशी. मला वाटलं, पोरगी आपल्या तोंडानेच कबूल झाली. तू पुढे काहीतरी सांगत होतीस, "डबी बाजूला होती म्हणून" असं काहीसं. मी ऐकून घेतलं नाही. लाल पेन्सिल आणली, पानावर 'बनावट' लिहिलं, तुझं नाव रबराने खोडलं, आणि जे बोललो ते बोललो. सूर्याशी खोटं बोलणारा माणूस उद्या कुणाशीही खोटं बोलेल. तुझ्या आईच्या हातात भाताची पळी होती. ती तशीच राहिली.

प्रिझम लावलं की सूर्य नेहमीच्या उलट, आरशातल्यासारखा पडतो. त्यात सरकणाऱ्या डागावरून पश्चिम लावली की पश्चिम बरोबर येते आणि उत्तर-दक्षिण अदलाबदल होतात. हे मला माहीत नव्हतं का? होतं. झोपेतून उठवून विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. पण प्रिझम मी स्वतः लावलं होतं हेच मला आठवलं नाही, आणि आठवायची गरजही वाटली नाही, कारण चोर सापडला होता. तू तर सगळं नेहमीप्रमाणे आवरून ठेवलं होतंस. प्रिझम काढून, पुसून, पेटीत जागा नाही म्हणून आईकडे दिलं होतंस. तुझ्या नीटनेटकेपणानेच तुझा साक्षीदार शिवणयंत्राच्या खणात जाऊन बसला.

आणि काल मिसावाने फोनवर मला विचारलं, प्रिझम लावलंय का? तीन शब्द. त्याने मला खोटारडा म्हटलं नाही. चूक दिसल्यावर आधी यंत्राकडे बघावं, हे त्या परक्या पोराला सुचलं. मी आयुष्यभर लोकांची यंत्रं दुरुस्त केली. बिघाड माणसात नाही, आधी बोल्ट बघा, हे मी सहकारी संस्थेत नव्या लोकांना शिकवायचो. घरात मात्र बोल्ट बघितला नाही.

आता आणखी एक, तेही लिहितो. त्या पानावर पूर्वेच्या कडेला तू एक ठिपका काढला आहेस, मोहरीएवढा. काल मी भिंग घेऊन बसलो. तो ठिपका शनिवारच्या माझ्या पानावर नाही. सोमवारच्या माझ्या पानावर आहे, थोडा आत आलेला. पारदर्शक जाळी ठेवून मोजला. एका दिवसात सूर्य जेवढा फिरतो तेवढाच तो आत आलाय. म्हणजे शनिवारी तो सूर्याच्या मागे होता, रविवारी तुला कडेवर दिसला. शनिवारचं पान गिरवून तो ठिपका तू आणणार कुठून होतीस? पुरावा त्याच दिवशी माझ्या टेबलावर होता. मी लाल पेन्सिल शोधण्यात गुंतलो होतो.

पुढची दोन वर्षं तू घरात होतीस आणि गच्चीत पाऊल टाकलं नाहीस. मग ओबिहिरोला गेलीस. आई सांगायची तू दातांच्या कारखान्यात कवळ्या बनवतेस, हात फार बारीक आहे म्हणतात. तेव्हा मी काय म्हणालो ते तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगतो. मी म्हणालो, "नकली दात? शोभतं तिला." आई उठून आत गेली. ती इतकंच म्हणायची, "तिला एकदा विचारा तरी." दर वर्षी पुडी बदलणाऱ्या बाईला कळलं होतं की काय, मला माहीत नाही. प्रिझममधलं तिला काही समजत नव्हतं. पण तिला तू समजत होतीस.

आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून म्हणतात, तसं झालं. वाकण्यात तर मी पटाईतच होतो.

माझं चुकलं, कानाए. तू खरं बोललीस आणि मी तुला खोटं ठरवलं. बावीस वर्षं. मला त्याची लाज वाटते.

बाबा


६ जून, मंगळवार
ढग. पावसाळी हवा. निरीक्षण नाही.

कानाए,

तुझं उत्तर नाही. मागत नाही. या पत्रासोबत ते पान पाठवतोय, मध्ये पुठ्ठा घातलाय, दुमडू नकोस.

ओगुची-सानना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या दोन शिव्या घालतील आणि मोकळं वाटेल. त्या लोणच्यावर दाबाला ठेवलेला दगड उचलत होत्या. म्हणाल्या, "माझ्यासाठी लावलेल्या डबीपायी एवढं झालं?" आणि दगड खाली ठेवून पायरीवर बसल्या. मग हात पुसत म्हणाल्या, "आता तू काय, तिच्या वतीने तूच सही करणार?"

मी खरंच तेच करणार होतो. तुझं नाव खोडलेल्या जागी पुन्हा नीट लिहायचं, चांगल्या अक्षरात.

"गाढवा," त्या म्हणाल्या, "पोरीचं नाव पुसलंस तेही तिला न विचारता, आणि आता लिहिणार तेही न विचारता? पान तिचं आहे. तिच्याकडे धाड."

म्हणून धाडतोय. पान उजेडाकडे तिरकं धरलंस तर चौकोनात पेन्सिलीचे खळगे अजून दिसतात. तू जोर देऊन लिहिलं होतंस. रबराला तेवढं जमलं नाही.

लाल शब्द खोडायला रबर घेतलं होतं, परत ठेवलं. वहीतलं पुसायचं नाही, एक रेघ मारायची आणि बरोबर ते शेजारी लिहायचं, हे मीच तुला शिकवलं होतं आणि मीच मोडलं. आता त्यावर एक रेघ मारली आहे. शेजारी लिहिलंय, "चूक निरीक्षकाची नाही. प्रिझम मी लावून ठेवलं होतं." खाली माझी सही आणि आजची तारीख.

पान खालची कड वर करून उलटं कर आणि सकाळी खिडकीच्या काचेला लाव. वर-खाली बदलेल, पूर्व-पश्चिम तशीच राहील. दिसेल तो त्या रविवारचा सूर्य, जसा होता तसा. मी लावून पाहिला. माझ्या शनिवारच्या आणि सोमवारच्या पानांच्या मध्ये ठेवला तर कुठे सांधा दिसत नाही. खरं सांगायचं तर तिन्हींत तुझंच पान बरं आहे. डागाभोवतीची फिकट झालर मला कधी एवढी जमली नाही.

अडतीस वर्षांच्या वह्या शरद ऋतूत मंडळाकडे जायच्या आहेत. मिसावा म्हणतो, इतकी सलग मालिका एका माणसाची असणं दुर्मिळ. मी त्याला सांगितलं, एका माणसाची नाही, एक दिवस दुसऱ्या निरीक्षकाचा आहे. नाव काय लिहू म्हणाला. म्हटलं, ते तिने लिहिलं तर कळेल. नाही लिहिलंस तर चौकोन रिकामा जाईल, आणि तेही बरोबरच असेल. नियम तुला माहीत आहे. ज्याने पाहिलं त्यानेच सही करायची.

परतीच्या पाकिटावर तिकीट लावलं आहे.

बाबा


१२ जुलै, बुधवार
सकाळी मोकळं, दुपारनंतर ढग. गट नऊ, डाग अठ्ठेचाळीस. प्रिझम लावून.

कानाए,

पान आलं.

पाकीट कात्रीने उघडलं, हाताने फाडवलं नाही. पुठ्ठा तू बदललास, माझ्यापेक्षा जाड घातलास. चौकोनात नाव आहे, कारासावा कानाए. आडनाव तेव्हाचं, लग्नाआधीचं लिहिलंस. अक्षर आता तेव्हापेक्षा बारीक आहे, पण 'ए' चा शेवट तसाच वर ओढतेस, आणि त्याच जुन्या खळग्यांवरून पेन्सिल नेली आहेस. माझ्या लाल शब्दाला तू हात लावलेला नाहीस. तो तिथे एका रेघेखाली आहे, राहू दे.

'शेरा' ची जागा बावीस वर्षं रिकामी होती. तिथे तू लिहिलंयस, "प्रिझम लावलेलं होतं. बसून काढलं."

मी ते बऱ्याचदा वाचलं. मग तुझ्या आईच्या फोटोपुढे ठेवलं आणि तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ओगुची-सान दारात होत्या, त्यांनाही ऐकू गेलं. त्यांनी नाक शिंकरलं आणि सफरचंदांवर या वर्षी कीड फार आहे असं काहीतरी सांगत निघून गेल्या. मी मात्र रडलो. लपवत नाही.

पानामागे चिठ्ठी होती ती नंतर दिसली, पाकीट झटकल्यावर. तू विचारलं आहेस, "ऑगस्टात तिकडे अंगणात ऊन किती वाजता येतं?"

डोंगरावरून सूर्य लवकर वर येतो, पण काकीच्या झाडाची सावली दुर्बिणीवरून साडेआठला हटते. नऊच्या सुमारास हवा सगळ्यात स्थिर असते. फांदी कापली तर आठलाच सुरू करता येईल. कापू का ते कळव.

दुसरं स्टूल करून ठेवलं आहे.

बाबा